फ्रान्सिस गॉल्टन

सर फ्रान्सिस गॉल्टन (१६ फेब्रुवारी १८२२ – १७ जानेवारी १९११) हे ब्रिटिश प्रवासी, हवामान-अभ्यासक, मानवमितिकार व संख्याशास्त्रज्ञ होते. मध्यक, शततमक, सहसंबंध आणि समाश्रयण या आज शालेय व महाविद्यालयीन अभ्यासक्रमात स्थिरावलेल्या संकल्पनांना त्यांनी आकार दिला. बोटांच्या ठशांच्या अभ्यासाला त्यांनी शास्त्रीय बैठक मिळवून दिली. सुप्रजननशास्त्र या वादग्रस्त विचारसरणीचे नामकरण व प्रवर्तनही त्यांनीच केले. उत्क्रांतिवादाचे प्रणेते चार्ल्स डार्विन हे त्यांचे सावत्र नात्याने मामेभाऊ होत.

बालपण आणि शिक्षण

गॉल्टन यांचा जन्म इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळ झाला. वडील सॅम्युएल टर्शियस गॉल्टन हे पेढीवाले होते. घराण्याची मूळ संपत्ती आजोबांच्या बंदुकांच्या कारखान्यातून आलेली होती. आई व्हायोलेटा ही वैद्य व कवी इरॅस्मस डार्विन यांची कन्या. भावंडांत फ्रान्सिस सर्वांत धाकटे. पाठीच्या विकारामुळे घरीच असलेल्या अ‍ॅडेल या थोरल्या बहिणीने त्यांचे प्रारंभीचे शिक्षण केले. पाचवे वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच ते इंग्रजी पुस्तके वाचू लागले होते.

घरातील या कौतुकाच्या मानाने शाळा त्यांना रुक्ष वाटली. वडिलांच्या इच्छेनुसार १८३८ मध्ये ते बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात वैद्यकाचे धडे घेऊ लागले. तेथील औषधांचा गुणधर्म स्वतःवरच पाहावा म्हणून त्यांनी वर्णानुक्रमे एकेका औषधाचा अल्प अंश चाखण्यास आरंभ केला आणि इंग्रजी तिसऱ्या अक्षरापाशी जमालगोट्याच्या जातीच्या तेलाने हा प्रयोग थांबवला. ही हकिकत त्यांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे. पुढील आयुष्यातील गॉल्टन यांचा स्वभाव तीत पुरता दिसतो. जे मोजता येईल ते मोजायचे, आणि मोजणी सुरू झाली की कोठे थांबायचे याचा विचार मागाहून करायचा.

१८४० मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात गणित शिकण्यास गेले. तिसऱ्या वर्षी अभ्यासाच्या ताणाने त्यांची प्रकृती ढासळली आणि विशेष श्रेणीविना साधी पदवी घेऊन त्यांना बाहेर पडावे लागले. १८४४ मध्ये वडील वारले. हाती मोठा वारसा आला आणि वैद्यक कायमचे सुटले.

प्रवास

१८४५–४६ मध्ये ते नाईल नदीच्या काठाने खार्टूमपर्यंत आणि नंतर सीरियात हिंडले. १८५० ते १८५२ या काळात चार्ल्स अँडरसन या स्वीडिश सोबत्यासह त्यांनी आजच्या नामिबियाच्या अंतर्भागाची पाहणी केली. या मोहिमेत अक्षांश-रेखांशांची काटेकोर नोंद झाली म्हणून १८५३ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. याच मोहिमेत एका स्थानिक स्त्रीच्या देहाची मापे त्यांनी दूर उभे राहून कोनमापक यंत्राने घेतली. जिचे माप घेतले जात होते तिची संमती घ्यावी, असा विचार त्या वृत्तान्तात कोठे आढळत नाही. १८५३ मध्येच लुइझा बटलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्यास अपत्य नव्हते.

लंडनमध्ये स्थायिक झाल्यावर त्यांनी हवामानाकडे लक्ष वळवले. अनेक ठिकाणच्या एकाच वेळच्या नोंदी नकाशावर मांडताना जास्त दाबाच्या क्षेत्राभोवती वारे उलट दिशेने फिरतात हे त्यांना दिसले. या रचनेला त्यांनी दिलेले प्रत्यावर्त या अर्थाचे इंग्रजी नाव आजही वापरात आहे. १ एप्रिल १८७५ रोजी लंडनच्या टाइम्स या दैनिकात छापला गेलेला हवामानाचा नकाशा त्यांनीच तयार केला होता.

मध्य आणि मध्यक

गॉल्टन यांच्या आधी बेल्जियमचे आदोल्फ केतले यांनी सरासरी माणूस ही कल्पना मांडली होती. केतले यांच्या दृष्टीने सरासरी हाच निसर्गाचा खरा नमुना आणि तिच्यापासून ढळणे ही एक प्रकारची चूक. गॉल्टन यांना नेमके हे ढळणेच महत्त्वाचे वाटले. समूहातील माणसे एकमेकांपासून किती व कशी भिन्न आहेत हे सांगायचे, तर केवळ सरासरी अपुरी पडते हे त्यांनी ओळखले.

१८७५ च्या एका निबंधात त्यांनी यावर सोपा उपाय सुचवला. समूहातील व्यक्तींना उंचीप्रमाणे क्रमाने उभे करावे आणि बरोबर मधल्या व्यक्तीची उंची घ्यावी. रांगेच्या पाव व पाऊण अंतरावरील आणखी दोन व्यक्ती मोजल्या की समूहाचा विस्तारही कळतो. फुटपट्टी न लावताही रांग लावता येत असल्याने दूरच्या प्रदेशातील प्रवाशाला हजार माणसे मोजण्याची गरज उरत नाही. गॉल्टन यांच्यातील जुना प्रवासी येथे त्यांच्यातील संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीला आलेला दिसतो. फ्रान्समध्ये कूर्नो यांनी १८४३ मध्येच मधल्या किमतीसाठी तशाच अर्थाचा शब्द योजला होता. इंग्रजीत मात्र तो शब्द गॉल्टन यांनी १८८१ मध्ये वापरला व पुढे तोच रूढ झाला. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यालाच मध्यक म्हणतात.

स्पर्धा परीक्षांतील माहितीच्या पर्याप्ततेचे प्रश्न ज्यांना सोडवायचे असतात, त्यांनी गॉल्टन यांची ही रांग अवश्य डोळ्यांपुढे आणावी. अशा प्रश्नांत उत्तर काढायचे नसते. दिलेल्या विधानांवरून उत्तर निघू शकते की नाही, एवढेच ठरवायचे असते. समजा, २५ मुले उंचीच्या क्रमाने उभी आहेत. पहिले विधान असे की, तेराव्या मुलाची उंची १५० सेंटिमीटर आहे. दुसरे असे की, सर्वांच्या उंचीची बेरीज ३७७५ सेंटिमीटर आहे. मध्यक विचारला तर पहिले विधान एकटेच पुरते. बाकीच्या चोवीस मुलांची मापे कळण्याची गरज नाही. मध्य विचारला तर दुसरे विधान एकटे पुरते, कारण ३७७५ ला २५ ने भागले की १५१ येतात. एकाही मुलाची स्वतंत्र उंची ठाऊक नसली तरी चालते. पण पहिल्या विधानातून मध्य निघत नाही आणि दुसऱ्यातून मध्यक निघत नाही. मध्य मध्यकापेक्षा मोठा आहे का, असा प्रश्न आला तर दोन्ही विधाने एकत्र घ्यावी लागतात. मध्याला बेरीज हवी असते, मध्यकाला क्रम हवा असतो. वर्गात हा भेद सूत्रे पाठ करून घेण्यापूर्वीच सांगितला गेला, तर पुष्कळ मुलांची धडपड वाचेल.

सामग्री मधल्या किमतीच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली असेल, तर मध्य व मध्यक एकच येतात. माणसांच्या उंचीच्या बाबतीत असे जवळजवळ घडते, म्हणून गॉल्टन यांनी अनेक वर्षे एकाच्या जागी दुसरे निःशंकपणे वापरले. या दोहोंत निवड करण्याची वेळ त्यांच्यावर आली ती अगदी उतारवयात.

प्लिमथचा बैल

१९०६ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ येथे पशुप्रदर्शन भरले होते. तेथे एक पुष्ट बैल निवडून, तो कापून साफ केल्यावर मांसाचे वजन किती भरेल याचा अंदाज करण्याची स्पर्धा ठेवली होती. प्रत्येकी सहा पेन्सला सुमारे ८०० तिकिटे विकली गेली. स्पर्धकांत खाटीक व शेतकरी होते, तसे या विषयातले काही न कळणारेही होते. गॉल्टन यांनी ती तिकिटे आयोजकांकडून मागवून घेतली, सदोष अशी १३ बाजूला काढली आणि उरलेले ७८७ अंदाज चढत्या क्रमाने लावले. त्यावरचे त्यांचे टिपण मार्च १९०७ मध्ये नेचर या साप्ताहिकात आले. त्या वेळी त्यांना ८५ वर्षे पूर्ण झाली होती.

त्यांनी निवडला तो मध्यक. आठवडाभर आधी त्याच साप्ताहिकात त्यांनी याचे कारण दिले होते. पंचांना नुकसानभरपाईची किंवा समितीला खर्चाची रक्कम ठरवायची असेल, तर सरासरी काढणे त्यांना अन्यायाचे वाटे; कारण त्यात जो सदस्य अधिक टोकाचा आकडा सांगतो त्याच्या मताला अधिक वजन मिळते. पाच सदस्यांनी १००, २००, २५०, ३०० आणि ११५० असे आकडे दिले, तर मध्य ४०० येतो, म्हणजे चौघांच्या मताहून मोठा. पाचव्याने हट्टाने ५००० म्हटले, तर मध्य ११७० वर जातो. मध्यक मात्र दोन्ही वेळा २५० च राहतो. इतकेच काय, पाचव्याचा आकडा कळलाच नाही आणि तो २५० पेक्षा कमी नाही एवढेच ठाऊक असले, तरीही मध्यक सांगता येतो.

प्लिमथच्या अंदाजांचा मध्यक १२०७ पौंड आला. गॉल्टन यांनी छापलेले प्रत्यक्ष वजन ११९८ पौंड होते. म्हणजे लोकमत एका टक्क्याहूनही कमी चुकले होते. सामान्य जनांच्या निर्णयशक्तीविषयी फारसा आदर नसलेल्या गॉल्टन यांनी, लोकशाहीतील निर्णय अपेक्षेहून अधिक विश्वसनीय असल्याचा निष्कर्ष स्वतःच प्रसिद्ध केला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक मानावे लागेल.

टिपणाबरोबर त्यांनी एक कोष्टकही दिले होते. त्यात ५ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत दर पाच टक्क्यांवरील अंदाज होते. पहिला चतुर्थक ११६२ आणि तिसरा १२३६. मध्यकापासून पहिला ४५ पौंड खाली, तर तिसरा २९ पौंडच वर. अर्थात पसारा सारखा नव्हता. कमी अंदाज करणारे अधिक दूरवर भरकटले होते. अशा वेळी मध्य मध्यकाच्या खाली असणार असे अनुमान सहज सुचते. हे ओळखून आर. एच. हूकर या संख्याशास्त्रज्ञांनी नेचरला पत्र लिहिले, कोष्टकावरून मध्य सुमारे ११९६ असावा असा हिशेब मांडला आणि मध्य का दिला नाही अशी विचारणा केली. मूळ तिकिटे हाताशी असलेल्या गॉल्टन यांनी मध्य काढून कळवला : ११९७ पौंड. म्हणजे त्यांनी टाळलेला मध्य त्यांनी पुरस्कारलेल्या मध्यकापेक्षा प्रत्यक्ष वजनाच्या अधिक जवळ होता.

हूकर यांचा हिशेब बरोबर ठरला, तरी ते कोष्टक मध्य काढण्यास पुरेसे होते काय? काटेकोर उत्तर नकारार्थी आहे. कोष्टकातील १९ आकड्यांची सरासरी सुमारे ११९७ येते हे खरे. पण १०७४ पौंडांच्या खाली अंदाज करणारे जवळपास ३९ जण नेमके किती खाली होते, हे त्यात कोठेही नाही. त्यांतील प्रत्येकाने आणखी शंभर पौंड कमी सांगितले असते, तर कोष्टकातील एकही आकडा बदलला नसता, पण मध्य मात्र जवळजवळ ५ पौंडांनी उतरला असता. मध्यकासाठी ते कोष्टक पुरेसे, मध्यासाठी केवळ चांगल्या अंदाजापुरते. परीक्षेत विद्यार्थी नेमके येथेच फसतात. उत्तर जवळपास दिसू लागले की माहिती पुरेशी आहे असे त्यांना वाटते.

पुढे गॉल्टन यांच्या कागदपत्रांची फेरतपासणी होऊन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात मध्यक १२०८ आणि प्रत्यक्ष वजन ११९७ असल्याचे दाखवले गेले. ही कथा आज बहुधा मध्याच्या अचूकतेची म्हणून सांगितली जाते. गॉल्टन यांच्या पहिल्या टिपणात मध्य नव्हताच.

आनुवंशिकतेचा अभ्यास

डार्विन यांच्या ग्रंथाने प्रभावित होऊन गॉल्टन यांनी १८६९ मध्ये आनुवंशिक प्रतिभेवर ग्रंथ लिहिला. न्यायाधीश, सेनानी, शास्त्रज्ञ, कवी अशा नामवंतांच्या वंशावळी तपासून, नामवंतांच्या निकटच्या नातलगांत नामवंतांचे प्रमाण फार मोठे असते, हे त्यांनी दाखवले. तेवढ्यावरून बुद्धिमत्ता जन्मतः येते असा निष्कर्षही काढला.

प्लिमथच्या कोष्टकाला लावलेली कसोटी येथेही लावून पाहावी. नातलगांत रक्त समान असते, तसेच घर, पैसा, शाळा आणि ओळखीपाळखीही समान असतात. वंशावळीची यादी कितीही लांबवली तरी यांतले काय कोणामुळे, हे तीतून निघत नाही. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फाँस द कांदोल यांनी १८७३ मध्ये शास्त्रज्ञांच्या घडणीतील परिस्थितीचा वाटा दाखवून दिला. त्यानंतर गॉल्टन यांनी प्रश्नावल्या पाठवल्या, जुळ्यांचा अभ्यास सुरू केला. प्रश्न त्यांना कळला होता. पण उत्तर त्यांनी आधीच ठरवलेले होते.

मोजमापांच्या पातळीवर मात्र याच ध्यासातून मोठे काम झाले. त्यांनी वाटाण्याच्या जातीतील एका फुलवेलीचे बी आकारानुसार सात गटांत विभागून मित्रांकडे लावायला दिले. १८८४ च्या लंडनमधील आरोग्य प्रदर्शनात त्यांनी मानवमिती प्रयोगशाळा उघडली. तीन पेन्स देऊन ९३३७ जणांनी तेथे आपली मापे घेऊ दिली. याच सुमारास २०५ दांपत्ये व त्यांच्या ९२८ प्रौढ अपत्यांच्या उंचीचा त्यांनी अभ्यास केला. स्त्रियांची उंची १.०८ ने गुणून ती पुरुषांच्या उंचीशी तुल्य केली होती. आईवडिलांची एकत्रित उंची सर्वसाधारण पातळीपेक्षा ३ इंच अधिक असली, तर अपत्यांची सरासरी २ इंचच अधिक भरे. सामान्य पातळीकडे झुकण्याच्या या प्रवृत्तीवरूनच समाश्रयणाचे इंग्रजी नाव आले. १८८८ मध्ये त्यांनी सहसंबंधाचे माप मांडले. कार्ल पिअर्सन यांनी त्याला पुढे गणिती पूर्णत्व दिले. पिअर्सन व वेल्डन यांच्यासह गॉल्टन यांनी १९०१ मध्ये बायोमेट्रिका हे नियतकालिक सुरू केले. केंब्रिजहून परतताना प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी त्याचेच खंड भारतात आणले आणि त्यांतून ते संख्याशास्त्राकडे वळले.

बोटांचे ठसे

बंगालमधील अधिकारी विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्ये एका करारनाम्यावर कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला होता आणि पुढे हुगळी जिल्ह्यात ही पद्धत वापरली. हर्शेल यांचे संग्रहित ठसे वापरून गॉल्टन यांनी १८९२ च्या ग्रंथात ठसे आयुष्यभर बदलत नाहीत हे सिद्ध केले. दोन बोटांचे ठसे तंतोतंत जुळण्याची शक्यता त्यांनी ६४ अब्जांत एक अशी काढली. या विषयावर १८८० मध्येच लेख लिहिणाऱ्या हेन्री फॉल्ड्स यांना मात्र त्यांनी द्यावे तेवढे श्रेय दिले नाही. ठशांच्या वर्गीकरणाची व्यवहार्य पद्धत कलकत्त्यात एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी बसवली.

सुप्रजननशास्त्र

१८८३ मध्ये गॉल्टन यांनी सुप्रजननशास्त्रासाठी इंग्रजी शब्द घडवला. योग्य समजल्या गेलेल्या कुटुंबांत लवकर विवाह व अधिक अपत्ये व्हावीत, अयोग्य समजल्या गेलेल्यांत होऊ नयेत, असा त्याचा आशय. गॉल्टन यांचा भर पहिल्या भागावर अधिक होता. त्यांच्या अनुयायांचा दुसऱ्यावर पडला. अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ मध्ये सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला आणि जर्मनीत नाझी राजवटीने १९३३ मध्ये. या दुसऱ्या कायद्याखाली लाखो माणसांवर शस्त्रक्रिया लादल्या गेल्या. हे गॉल्टन यांच्या मृत्यूनंतरचे आहे. परंतु माणसांना योग्य-अयोग्य अशा रांगेत उभे करण्याची कल्पना त्यांचीच होती, हे चरित्रकाराला वगळता येत नाही.

महाराष्ट्रातही हा विचार पोहोचला. ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकात सुप्रजननाच्या चळवळीचा पुरस्कार केला. जातिव्यवस्था हीच वंशशुद्धीची योजना होती असा युक्तिवाद काही जण करीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जातिनिर्मूलनावरील १९३६ च्या आपल्या न झालेल्या भाषणात तो खोडून काढला. आधुनिक शास्त्रज्ञांनाही जे आनुवंशिकतेचे ज्ञान नाही, ते प्राचीनांना होते असे मानावे लागेल, आणि त्या व्यवस्थेतून निपजलेल्या समाजाची शरीरप्रकृतीही या दाव्याला दुजोरा देत नाही, असा त्यांचा रोख होता.

अखेरची वर्षे आणि वारसा

लुइझा यांचे १८९७ मध्ये फ्रान्समध्ये निधन झाले. गॉल्टन यांचे आत्मचरित्र १९०८ मध्ये आले. १९०९ मध्ये त्यांना सर हा किताब आणि १९१० मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. १७ जानेवारी १९११ रोजी सरे परगण्यातील हेझलमिअर येथे त्यांचे निधन झाले. वॉरिकशायरमधील क्लॅव्हर्डन येथे त्यांचे दफन करण्यात आले.

मृत्युपत्रान्वये त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला सुमारे ४५,००० पौंड देऊन सुप्रजननशास्त्राचे अध्यासन स्थापन केले. पिअर्सन त्याचे पहिले प्राध्यापक झाले. त्याच महाविद्यालयाने जून २०२० मध्ये आपल्या व्याख्यान सभागृहाला दिलेले गॉल्टन यांचे नाव काढून टाकले. त्यांची कागदपत्रे मात्र तेथेच जपून ठेवलेली आहेत; प्लिमथच्या ७८७ अंदाजांची त्यांनी केलेली मांडणीही त्यांत आहे.